माझं वजन एक्कावन्न किलो

जिनिंगच्या अंगणात, कापूस तोलायच्या काट्याजवळ मला उकिडवं बसवलं आणि डोक्यावरून वस्तरा फिरवला. केसांचंही वजन असतं, असं सर म्हणाले. सर म्हणजे आमचे बॉक्सिंगचे मास्तर. शेठजींचा मुलगा खुर्चीत बसून केळं खात होता. तिथूनच ओरडला, "काय बे, बाप मेला का तुया?"

हमाल हसले. कापूस घेऊन आलेले शेतकरी हसले. सरही हसले.

माझा बाप जिवंत होता. तिकडं लांब, मेळघाटाच्या पायथ्याशी, गावात.

मीही हसलो.

सातवीत शाळा सुटली. एका ट्रकवाल्यासोबत सिंदीला आलो. शेठजींनी जिनिंगमध्ये कामाला ठेवून घेतलं. दोन वेळचं जेवण, झोपायला गोदामाचा कोपरा. पोराच्या हौसेसाठी त्यांनी जुन्या गोदामात रिंग बांधली होती, नागपूरहून सर आणले होते. पोराला ठोसे मारायला समोर कुणीतरी लागायचं. मी होतोच. आधी नुसता मार खाल्ला. मग चुकवायला शिकलो. मग एक दिवस त्याचं नाक फोडलं. त्या दिवशी माझ्या ताटात भाजी आली नाही.

माझं वजन एक्कावन्न. त्याचंही तेच. आणि जिल्ह्यातून एका वजनात एकच पोरगा पुढं जातो. म्हणून सरांनी ठरवलं, मी अठ्ठेचाळीसमध्ये खेळायचं. अंगावर चरबी नव्हतीच. उतरवणार काय? पाणी. स्वेटरवर स्वेटर घालून पळालो. घाम येईस्तोवर मला कापसाच्या गंजीत गळ्यापर्यंत पुरायचे. चिंच चघळायला द्यायचे आणि डब्यात थुंकायला लावायचे. रिंगमध्ये उतरलो की पाय माझे वाटायचे नाहीत. दोन वर्षं पहिल्याच लढतीत हरलो. शेठजी चारचौघांत म्हणायचे, "खाऊन-पिऊन दम नाई पोरात."

मी मान खाली घालायचो. कारण खात तर होतो. हाकललं तर कुठं जाऊ, ही धास्ती पोटात कायम. त्यांचे उपकार मी विसरलो नाही, आजही नाही. पण त्या उपकारापायी एक गोष्ट कधी विचारलीच नाही. उतरायचं मीच काऊन?

मुंडण केलं त्याच दिवशी वर्ध्याला निवड चाचणी होती. वजन घेतलं. अठ्ठेचाळीसच्या थोडं वर भरलं. वजन घेणाऱ्या साहेबांनी तासाभराची मुदत दिली. सरांनी मैदानाभोवती पळायला लावलं. पळता पळता डोळ्यांपुढं अंधारी आली. नळाजवळ बसलो.

शेठजींचा मुलगा आला. हातात पाण्याची बाटली. "थुक बे, थुक लवकर. सारे तुयासाठी थांबून राह्यले."

तो गेला. बाजूला एक म्हातारा शेतकरी बसला होता, नातवाला खेळायला घेऊन आलेला. त्यानं माझ्या डोक्याकडं पाहिलं. खांद्यावर हात ठेवला. हळूच म्हणाला, "कधी गेले रे बाप्पा तुये वडील? अन् तरी खेळाले आला. धीर धर, बेटा."

मी डोक्यावरून हात फिरवला.

"जिवंत आहे माया बाप," मी म्हणालो.

"मग काऊन भादरलं?"

दुसऱ्याच्या पोराची जागा मोकळी राहावी म्हणून मी जित्या बापाचं सुतक डोक्यावर घेऊन फिरत होतो. वर हसलोही होतो.

नळ सोडला. तोंड लावलं. पोटभर प्यालो.

सर धावत आले. "ए, काय करून राह्यला? वजन वाढंल!"

"वाढू द्या."

काट्यावर चढलो. साहेब म्हणाले, "अठ्ठेचाळीसमध्ये बसत नाहीस तू."

"एक्कावन्न लिहा."

सर मध्ये पडले. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि मला पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

दुपारी शेठजींच्या मुलाशीच लढत पडली. अंग सकाळपासून रिकामं होतं. पहिल्या फेरीत पडलो. उठलो. दुसरीत पडलो. उठलो. हरलो. त्याचा हात वर गेला.

शेठजी जवळ आले. आवाज मऊ. "झालं ते झालं, बेटा. माफ केलं तुले. पुढच्या साली अठ्ठेचाळीस. चल, गाडीत बस, जेवून घे."

गाडीतून पुरीभाजीचा वास येत होता. मी म्हणालो, "शेठजी, तुमचं खाल्लं तेवढं राबलो. पण अंग माया आहे. त्याचं वजन तुम्ही नाई ठरवाचं."

"मग राह्य उपाशी," ते म्हणाले. गाडी गेली.

मी रस्त्यावर उभा राहिलो. टकला, नाक सुजलेला, आणि घाबरलेला. हो, घाबरलेला. कुणी जेवायला बोलावलं की ती भीती आजही आधी येते. पण तेव्हापासून एक ठरलेलं आहे. कुणाच्या सोयीसाठी अंगातला थेंबभरही काढून देणार नाही. हरायचं तर पूर्ण वजनानं हरेन. मारायचं तरी पूर्ण वजनानंच मारेन.