उशाकडची फळी

सोनपेठला मी चित्रकलेची शिक्षिका आहे. शाळेत फुलदाणी आणि पतंग शिकवते; घरी माझी चित्रं वेगळी असतात. त्यांत माणूस नसतो, झाड नसतं, फक्त रंग आणि आकार. तीन-चार वर्षांपूर्वी मला नुसता कॅनव्हास सपाट वाटायला लागला. रंगाला टेकायला घरातलं, वापरलेलं काहीतरी हवं होतं. आईचा सागवानी पलंग आठवला.

वडील गेल्यापासून आई वालूरच्या घरात खालीच गादी टाकून झोपायची. पलंगावर गोधड्यांची चवड. मी तिला सरळ सांगितलं, "मला पलंग कापायचाय आणि रंगवायचाय."

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "कुठून कापणार?"

"उशाकडची फळी आणि दोन पाय काढते. मोठ्या कॅनव्हासवर बसवायचेत."

"बिघडलं तर?"

"न्हाई बिघडणार."

मला खरंच खात्री होती. तिनं शेवटची भाकरी उतरवली, मग गोधड्या एकेक करून हलवल्या. "माज्या लग्नात तुज्या आजोबांनी करून घेतलेला हाय. कापताना मी इथंच बसते."

शेजारचा सुतार आला. करवत चालू असताना ती खरंच बसून राहिली. पहिला पाय सुटला तेव्हा तिनं तो मांडीवर घेतला आणि त्यावरचा भुसा पदरानं पुसला. मला भरून आलं, पण काम थांबवावंसं वाटलं नाही.

चित्राला दोन महिने लागले. डोकं टेकून टेकून फळी जिथं गुळगुळीत झाली होती, ती जागा मी तशीच ठेवली. भोवती काळा, गेरूचा लाल आणि डावीकडे भरपूर निळा.

परभणीत आम्ही काही शिक्षकांनी मिळून प्रदर्शन भरवलं, तेव्हा आई आली. एका गृहस्थांनी चित्रापुढे थांबून तिलाच विचारलं, "ह्यात काय काढलंय, मावशी?"

"काढलं काही न्हाई. आमचा पलंग हाय. पोरीनं त्याला रंग लावलाय."

ते पुन्हा बघायला लागले, या वेळी बराच वेळ. आई माझ्याकडे वळली. "निळा लय झालाय. फळी दबायलीय."

मी लांब जाऊन पाहिलं. तिचं बरोबर होतं. घरी आणल्यावर निम्मा निळा मी खरवडून काढला. आता एखादं चित्र झालंसं वाटलं की तिला बोलावून घेते. ती एसटीनं येते, चहा पिते आणि काय खटकतंय ते सांगते.