हजर राहणाऱ्या बंडोपंतांची निवडणूक

चूक माझीच. बालाघाटच्या आमच्या मराठी मंडळाची घटना नव्याने लिहायला घेतली, तेव्हा माझ्यातला निवृत्त प्राध्यापक जागा झाला आणि अमेरिकेतल्या काही जुन्या राज्यांचा एक नियम मी तीत घुसवला. तिथे गव्हर्नरच्या निवडणुकीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर विधिमंडळ गव्हर्नर निवडत असे. आमच्याकडे विधिमंडळ नाही, म्हणून कार्यकारिणी.

यंदा अध्यक्षपदाला तिघे उभे राहिले. भरवेलीच्या खाणीत जन्मभर लोकांची हजेरी मांडून निवृत्त झालेले बंडोपंत पहिले आले, पण निम्मी मतं काही गाठली नाहीत. निवड कार्यकारिणीकडे गेली आणि बंडोपंतांनी आशाच सोडली. कारण आमच्या कार्यकारिणीची एकच रीत: बैठकीला जो नसेल, पद त्याच्या गळ्यात. समोर बसलेल्यांतून एकाला निवडलं तर बाकीच्यांना वाईट वाटतं ना! बंडोपंतांनी एकही बैठक कधी चुकवलेली नाही. त्यामुळे साधं सहसचिवपदही त्यांना शिवलेलं नाही. एकदा तरी अध्यक्ष म्हणून गणपतीच्या आरतीचं ताट आधी आपल्या हाती यावं, एवढीच त्यांची हौस.

या वेळी येऊच नका, असं मी त्यांना बजावलं.

"हौ. रामपायलीले जातो, रामासमोर बसून राह्यतो."

गेलेही. फक्त सभागृहाची किल्ली खिशात घेऊन गेले. कार्यकारिणी उन्हात उभी. शेवटी फोन करावा लागला. बंडोपंत मोपेडवर परत आले, कुणाकडे न बघता कुलूप काढलं आणि आमच्याकडे पाठ करून पायरीवर उभे राहिले. दुसऱ्या उमेदवार प्रेमलताबाईंनी लगेच हरकत घेतली, की पाठ आली म्हणजे माणूस आला. मग पायरी सभागृहात धरायची की रस्त्यात, यावर बराच खल झाला. मी पायरी रस्त्यात ढकलत आणलीच होती, तेवढ्यात आतला पंखा खडखडून बंद पडला. तो बंडोपंतांशिवाय कुणाचं ऐकत नाही.

"थांबा जी, मी पायतो," म्हणत ते आत आले आणि हजर झाले.

पद गेलं तिसऱ्या उमेदवाराला, देवेंद्रला. मतं सर्वांत कमी त्याचीच, पण तो लांजीला लग्नात होता आणि फोन बंद होता. आपण अध्यक्ष झालोय हे त्याला अजून माहीत नाही.

सगळे गेल्यावर मी बंडोपंतांची समजूत काढू लागलो. म्हटलं, अमेरिकेतल्या त्या बहुतेक राज्यांनीही पुढे हा नियम सोडून दिला. ज्याला जास्त मतं, तोच गव्हर्नर. आपणही घटना बदलू, मसुदा मी आजच लिहायला घेतो.

बंडोपंत खाली वाकले होते.

"तुम्ही काही लिहू नका जी, सतरंजीचं तिकडचं टोक धरा."