जीभ दाखव

"तुमच्या तोंडातल्या बुरशीवर ही गोळी चालतच नाही. फ्लुकोनाझोल रेझिस्टन्ट आहे," डॉक्टर म्हणाले. रेझिस्टन्ट म्हणजे औषधाला दाद न देणारी. बातमी वाईटच होती, पण मला हसू आलं. कारण तोवर सगळे मलाच खोटी ठरवत होते.

मला एचआयव्ही आहे. कसा झाला, हे विचारू नका. मी सांगत नसते.

मी मूळची अकोल्याची. खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा तिथल्या एका कंपनीत लागले आणि विश्रांतवाडीत खोली घेतली. तिथेच माझं तोंड यायला लागलं. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर. जवळचे डॉक्टर म्हणाले, "उष्णता आहे. एसीत बसून पाणी पीत नसाल." त्यांनी फ्लुकोनाझोलची कॅप्सूल दिली. बरं वाटलं. पुन्हा तोंड आलं, पुन्हा तीच कॅप्सूल. वर्षभर हेच. याला ओरल थ्रश म्हणतात, म्हणजे तोंडात यीस्टची, एका बुरशीची, वाढ. ती सारखी का होते, हे रक्त तपासून बघावं, असं त्यांना एकदाही सुचलं नाही. उष्णता मात्र दर वेळी सुचली.

मग घास छातीत अडकायला लागला. मोठ्या हॉस्पिटलात एंडोस्कोपी झाली, म्हणजे नळीतून कॅमेरा आत घातला. थर अन्ननलिकेपर्यंत पोचला होता. तिथेच रक्त तपासलं आणि एचआयव्ही कळला. सीडी फोर, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पेशी, अगदी थोड्या उरल्या होत्या. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सोबत तेच फ्लुकोनाझोल, जास्त डोसमध्ये.

आई अकोल्याहून आली. लहानपणी मी कडू गोळी गालात लपवून नंतर मोरीत थुंकायचे, हे ती विसरली नव्हती. तिशी ओलांडलेल्या मला ती प्रत्येक गोळीनंतर म्हणायची, "जीभ दाखव व." आधी पुढे काढायची, मग वर उचलायची. मला भयंकर राग यायचा.

थर काही हटेना. साधी पेजसुद्धा जाळत खाली जायची. मी वाळत चालले होते, आणि असंच चाललं तर आपण उपाशी मरणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्याच हॉस्पिटलच्या ओपीडीत डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली आणि भरल्या खोलीत म्हणाले, "गोळ्या चुकवताय. तुम्ही लोक ऐकतच नाही."

तुम्ही लोक! मला बोलायचं होतं, पण जीभच हलत नव्हती. डोळ्यांत संतापाचं पाणी आलं.

आई खुर्चीवरून उठली. "डॉक्टरसायब, माह्यासमोर गोया गिळते ते. रडत गिळते. रोज जीभ पाह्यल्याबगर सोडत नाही मी तिले. खोटं काहून बोलू मी? तुमची गोयी चालते का नाही, ते पाहा ना आधी!"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कापसाच्या काडीने जिभेवरचा थर खरवडून घेतला.

त्या तपासणीला कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी म्हणतात. बुरशी बशीत वाढवतात आणि मधे औषधाची चकती ठेवतात. औषध चालत असेल, तर चकतीभोवती मोकळी जागा राहते. माझी बुरशी चकतीला खेटून वाढली होती. वर्षभर तेच औषध पचवून निर्ढावली होती.

मला ॲडमिट करून ॲम्फोटेरिसिन दिलं. हे शिरेतून हळूहळू सोडायचं औषध आहे. ते मूत्रपिंडांना त्रास देतं, म्हणून रक्त सारखं तपासतात. सलाईन सुरू झालं की अशी हुडहुडी भरायची, की पलंग वाजायचा. आई पाय धरून बसायची. मी दात वाजवत बुरशीला शिव्या द्यायचे. हळूहळू थर गेला आणि मऊ भात खाली उतरला. त्या भातावर मी मनसोक्त रडले.

तुमच्यावर ही वेळ आली, तर एचआयव्हीच्या गोळ्या रागातही सोडू नका. पण घेऊनही तोंड बरं होत नसेल, तर मान खाली घालू नका. "कल्चर करा," म्हणा. नाहीच ऐकलं, तर मोठ्याने म्हणा.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "छान! आता गोळ्या नियमित घेताय."

"पहिल्यापासून घेतेय," मी म्हणाले.

ते ओशाळले. "हो. खरंय."

आई आता अकोल्यात असते. मी रोज गोळी गिळते आणि आरशासमोर जीभ काढते. आधी पुढे, मग वर. गुलाबी आहे. मग आणखी एकदा काढते, चांगली लांब, वेडावून दाखवायला.