खाडीतल्या माशांचं घराणं

बंदरावर तिला सगळे कातरबाई म्हणत. एका हातात छोटी कातर, दुसऱ्या हातात स्पिरिटच्या कुप्यांचा खोका. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, कुपीत टाकायचा, वर नंबर घालायचा. वीस वर्षं हेच. त्या तुकड्यातल्या डीएनएच्या खुणा पडताळून माशाचं घराणं सांगता येतं, आणि ते काम ती प्रयोगशाळेतल्या पदवीवाल्यांच्या नाकावर टिच्चून करी.

त्या वर्षी प्रश्न होता तो असा: खाडीतला मासा आणि बाहेरच्या समुद्रातला मासा एकाच घराण्यातले की वेगळे? एकच असले तर खाडीत बारा महिने जाळी टाकायला मोकळीक. वेगळे निघाले तर अंडी घालायच्या दिवसांत तीन महिने खाडी बंद. तिचा सख्खा दादा त्याच खाडीवर जगत होता.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी लिलावातले मासे तपासून निकाल लावला: एकच. कातरबाईनं अहवालावर नमुने घेणारी म्हणून सही करायला साफ नकार दिला.

"लिलावाआधी दोन्हीकडचे मासे एकाच ढिगात ओततात, साहेब. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण दोन हंड्यांतली शितं कालवल्यावर कसली परीक्षा?"

"बाई, तुम्ही कुप्या भरा. शास्त्र मला शिकवू नका."

"सही माझी आहे. त्या ढिगावर ती पडणार नाही. नोकरी घ्या हवी तर."

अंडी घालायच्या दिवसांत ती दादाच्याच होडीत बसली. मासा एकच निघणार याची दादाला खात्री, त्यामुळे स्वारी खुशीत. "काप, किती कापायचं ते काप," म्हणत त्यानं साठ मासे स्वतः जाळ्यातून काढून दिले. बाहेरच्या समुद्रातले साठ तिनं दुसऱ्या होडीवरून आणले. खुणा पडताळल्या तर दोन घराणी स्वच्छ वेगळी, आणि खाडीतलं फारच लहान, सहज संपून जाईल इतकं. साहेबांना मुकाट्यानं तोच निकाल पाठवावा लागला. खाडी बंद झाली.

दादा दारात आला तो तणतणतच. "माझ्याच होडीत बसून माझ्याच पोटावर पाय दिलास."

ती उंबऱ्यावरून हलली नाही. "हो, तुझ्याच होडीत बसले. खाडीतले मासे दुसऱ्याच्या होडीतले असते तर तू मला खोटं पाडलं असतंस. ते साठ तू पकडलेस, तुझ्यासमोर कापले, कुप्या तूच मोजल्यास. आता म्हण, मी खोटी आहे म्हणून."

दादानं तोंड उघडलं. ती वाट पाहत उभी राहिली. त्याला ते म्हणता आलं नाही.