माझ्या बाजूने बोलणारा नास्तिक

आवाज बसला तेव्हा सुरुवातीला मी ते मनावर घेतलं नाही. बोईसरच्या आमच्या हौशी नाटकमंडळीत तालमी सुरू झाल्या की कोणाचा ना कोणाचा घसा धरतोच. हळदीचं दूध घेतलं, मिठाच्या गुळण्या केल्या, पण घसा सुटेना. शेवटी पालघरला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि स्वरतंतूवर गाठ आहे, काढून तपासायला पाठवावी लागेल, असं शांतपणे सांगितलं. तपासायचं कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

रंगमंच म्हणजे माझा देव्हाराच. विंगेत उभं राहून दत्तगुरूंचं नाव घेतल्याशिवाय मी कधी प्रवेश केलेला नाही. मी बोलत नाही, माझ्या तोंडून कोणीतरी बोलवून घेतं, अशी माझी श्रद्धा. यावरून विलासचं आणि माझं कायम वाजायचं. विलास आमच्या नाटकांची प्रकाशयोजना बघतो आणि तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करतो. पक्का नास्तिक. "महिनाभर घोकंपट्टी तू करायची आणि टाळ्या मात्र दत्ताला," तो म्हणायचा. "घोकायची बुद्धी कोण देतं?" मी विचारायची. "तुझ्या देवाचं बरं आहे बाई. पास झालं की त्याच्यामुळे, नापास झालं की आपल्यामुळे!" भांडता भांडता चहा गार व्हायचा आणि माझे यजमान निमूटपणे दुसरा करून आणायचे. इतक्या वर्षांत आम्ही दोघं आपापल्या जागेवरून तसूभर हललो नाही, आणि मैत्रीही हलली नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. पण डॉक्टरांनी बजावलं, "काही दिवस एक शब्दही नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही." मुकी होऊन घरी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला देवाचा राग आला. ज्या आवाजाने त्याला हाक मारली, नेमका तोच त्याला नेण्याजोगा वाटला? मनातल्या मनात जप करायला कोणाची बंदी नव्हती, पण माळ हातात घ्यावीशीच वाटेना. ओठांसारखं आतही सगळं बंद झालं होतं. आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

विलास कामावरून सुटला की संध्याकाळी येऊन बसायचा. पहिल्या दिवशी सवयीने त्याने देवावर एक बोचरं वाक्य टाकलं आणि उत्तराची वाट बघत राहिला. मी नुसती बघत राहिले. तो ओशाळला. मग म्हणाला, "थांब. तू आता काय म्हणाली असतीस सांगू?" आणि माझ्या बाजूचं उत्तर त्यानेच दिलं. मग स्वतःच्या बाजूने ते खोडून काढलं. पुन्हा माझ्या बाजूने, पुन्हा स्वतःच्या. माझा पदर सावरणं, भुवई उडवणं, सगळं हुबेहूब. यजमान हसून हसून बेजार झाले.

मग हे रोजचंच झालं. एकदा माझी भूमिका करताना तो म्हणाला, "अरे विलास, देव काय माझा नोकर आहे, मागितलं ते आणून द्यायला? तो आहे, म्हणून मी हात जोडते." एवढं बोलून तो स्वतःच्या बाजूकडे वळला. "हे तू मागे म्हणाली होतीस," तो म्हणाला. "याला माझ्याकडे अजून उत्तर नाही." मला तर ते वाक्य आठवतही नव्हतं. माझी श्रद्धा माझ्याकडून सुटली होती, आणि ती या माणसाने जपून ठेवली होती. तो गेल्यावर मी माळ हातात घेऊन बसले. नाव उमटलं नाही, पण माळ खाली ठेवली नाही.

रिपोर्टच्या दिवशी यजमानांना ड्यूटी चुकवता आली नाही, म्हणून विलास बरोबर आला. पालघरला पोचलो तर कळलं, रिपोर्ट दुपारी मिळेल. तिथे बसून माझा जीव घाबरा होईल म्हणून त्याने स्कूटर शिरगावच्या किनाऱ्याकडे वळवली. तिथे एक म्हातारी मावशी बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. तिने मला गाव विचारलं, नाव विचारलं. मी नुसती हसले.

"ही बोलत का नाय रे? मौन धरलंय का?"

माझा हा नास्तिक मित्र म्हणाला, "हो मावशी. मौनच आहे."

"मंग बेस हाय. आमी रोज बोलून बोलून देवाचा जीव खातो. आपण गप रेलो तर त्याला बोलाया जागा होते." आणि ती पुन्हा बोंबलांकडे वळली.

मी वाळूत तशीच उभी राहिले. इतके दिवस जी शिक्षा म्हणून भोगत होते, तिला या बाईने व्रत म्हटलं होतं. मी मनात म्हटलं, महाराज, आवाज तुमचाच होता. ठेवायचा तर ठेवा, न्यायचा तर न्या. छातीवरचा दगड उतरला. रिपोर्ट तेव्हा अजून हातात आला नव्हता, हे मुद्दाम सांगते.

"गाठ साधी आहे," दुपारी डॉक्टर म्हणाले. "काळजीचं काही नाही."

बाहेर येऊन विलासने यजमानांना फोन लावला. "अहो..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं आणि तो रडायलाच लागला. पुढे शब्दच फुटेना. मला बोलायची बंदी, त्याला हुंदका आवरेना, आणि फोनमधून यजमान घाबरून "हॅलो, हॅलो, काय झालं?" करतायत! शेवटी बाकावर बसलेल्या एका अनोळखी ताईंनी फोन काढून घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, "अहो, रिपोर्ट चांगला आलाय! हे दोघं आनंदाने रडतायत, तुम्ही घाबरू नका!" पुरतं न विचारताच त्यांना सगळं कळलं होतं. आम्ही आभार मानायच्या आत त्यांचा नंबर पुकारला गेला आणि त्या आत गेल्या. त्यांचाही रिपोर्ट असाच चांगला यावा, म्हणून मी त्या दाराला हात जोडले. आणि तेव्हा, किती दिवसांनी, आत नाव आपोआप सुरू झालं.

आता आवाज परत आला आहे, पूर्वीपेक्षा किंचित जाड. विलास म्हणतो, डॉक्टरांचा हात कुशल होता, गाठ मुळात साधीच होती, यात देव कुठे आला? मी वाद घालत नाही. एवढंच म्हणते की जे हातचं गेलं असं वाटलं, ते दुसऱ्यांच्या हातांतून मला परत मिळालं, आणि त्यातला एकही हात मी शोधायला गेले नव्हते. ज्यांनी ते हात धाडले, त्यांच्या पायी माझा नमस्कार. ज्यांचे हात होते, त्यांनाही.