पंधरा मिनिटांची झोप

गोंडपिपरीच्या संघपालने रेडिओपासून मोबाईलपर्यंत काय काय दुरुस्त केलं होतं. पण एकाच गावाला, एकाच दुखण्यासाठी पाचव्यांदा जायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. एका संस्थेने अकरा ग्रामसभांचे कॉम्प्युटर त्याच्याकडे सोपवले होते. वय पन्नाशीला टेकलेलं, जंगलातला बत्तीस किलोमीटर खड्ड्यांचा रस्ता. सावरटोल्याला पोचल्यावर तो मिनिटभर गाडीवरच बसून राहिला. कंबर उठू देईना.

आत ग्रामसभेच्या खोलीत वनहक्काच्या दाव्याची कागदं कॉम्प्युटरवरून पाठवणं चालू होतं. नेट इतकं मंद की चार-चार तास लागत. त्यात पंधरा मिनिटं कोणी हात लावला नाही की कॉम्प्युटर झोपी जाई, आणि सगळं पहिल्यापासून. संघपाल दर खेपेला झोपेची सेटिंग 'कधीच नाही' करून जाई. महिनाभरात ती पुन्हा पंधरावर.

मागच्या खेपेला तर तो ग्रामसभेच्या सचिव दुर्गावर डाफरला होता, "कोण हात लावते याले?" तिने फक्त वहीत तारीख टिपून ठेवली होती.

आज खुर्चीत म्हातारी धुरपताबाई होती, माउसवर हात ठेवून.

"बाई, तुमी इथी काय करून राह्यल्या?"

"हलवून राह्यली. हलवलं का झोपत नाई म्हणे. परवा पाणी प्याले गेली, तं बोलतच बसली, अन् अर्धी कागदं वाया."

दुर्गाने वही पुढे केली. "भाऊ, तारखा पाहा. अपडेट झाला का सेटिंग बदलते. आमी कोणीच हात नाई लावला."

संघपालने तारखा दोनदा वाचल्या. त्याचा चेहरा उतरला. "माहीच चूक झाली, दुर्गा. मी उगाच बोललो तुले."

"जाऊ द्या. पण काऊन असं होते, थे तं पाहा."

सेटिंग बदलून त्याने धुरपताबाईला उठायला सांगितलं. "मागं बी असंच म्हणलं होतं तुमी," म्हणत ती बसूनच राहिली. कागदं जाईपर्यंत तीन वाजले. तोवर तो भिंतीला टेकून बसला. मग त्याने दोन ओळींची एक फाईल लिहिली. कॉम्प्युटर सुरू झाला की तिने आपणहून सेटिंग 'कधीच नाही' करायची. खात्रीसाठी त्याने मुद्दाम पंधरा मिनिटं करून कॉम्प्युटर बंद-चालू केला. सेटिंग जागेवर आली. तरी पुन्हा दोनदा करून पाहिलं.

हे पहिल्याच खेपेला सुचायला हवं होतं. रस्ताभर तेच डोक्यात होतं.

तीन आठवड्यांनी दुर्गाचा फोन आला. "भाऊ, काल अपडेट झाला. सेटिंग तशीच आहे."

"बाई कशी आहे?"

"मोहफुलं येचाले गेली."

"बरं," संघपाल म्हणाला. बाकीच्या दहा गावांत तीच फाईल टाकायची होती. त्याने गाडीला किक मारली.