ताईचं सुटलेलं उपोषण

आमच्या घरात कोणी कधी उपास केला नाही. वडिलांनी धम्म स्वीकारला आणि त्यानंतर घरात बुद्धाची एक लहान मूर्ती आणि पुस्तकांचं कपाट राहिलं; चतुर्थ्या, सोमवार, एकादशा सगळं बंद झालं. माझी थोरली बहीण शाळेत शिक्षिका होती. संकष्टीला बाकीच्या शिक्षिका केळी आणि दाण्याचे लाडू घेऊन बसायच्या, तेव्हा ही पोळी-भाजीचा डबा उघडून निवांत जेवायची. अशा बाईने निवृत्तीनंतर, सत्तरी जवळ आली असताना, आयुष्यातला पहिला उपास केला तो थेट बेमुदत उपोषणाचा. घरात आम्हाला मध्यम मार्ग शिकवला होता. ताई त्या विषयात कच्ची निघाली.

कारण होतं शाळेचा जिना. तिने जिथे निम्मं आयुष्य शिकवलं, त्या शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधली होती. नवी म्हणजे किती नवी, तर भिंतींचा रंग उडायच्या आधी जिन्याखालच्या सळया दिसायला लागल्या. एका दुपारी शाळा सुटताना जिन्याच्या खालच्या बाजूचा एक मोठा तुकडा निखळला आणि तिसरीतल्या एका मुलीच्या खांद्यावर पडला. मुलगी वाचली, पण तिचा तो हात अजून वर जात नाही. तिच्या आईला ताईनेच शिकवलं होतं. काम कोणाच्या मेहुण्याला मिळालं आणि पाणी कुठे मुरत होतं, हे कोपऱ्यावरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ज्या कार्यालयाच्या ताब्यात ती शाळा आहे त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिल्याने त्यांना काही लाज वाटेल अशी आशा नाही.

ताईची मागणी साधी होती. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत बाहेरच्या इंजिनिअरकडून इमारत तपासून घ्या, आणि तोवर मुलांना दुसरीकडे बसवा. "चोर नंतर पकडा," ती म्हणायची, "आधी मुलं त्या जिन्यावरून उतरवा."

कार्यालयाच्या समोरच्या फुटपाथवर मांडव पडला. मांडव म्हणजे चार बांबू, वर हिरवं कापड, खाली सतरंजी. मी सदाशिव पेठेतून रोज स्कूटरवर बिबवेवाडीत यायचो आणि तिच्याशेजारी बसायचो. बँकेत आयुष्यभर बसूनच काम केलं, तेव्हा तेवढं मला जमत होतं. दुसऱ्याच दिवशी समोरच्या इमारतीतल्या एक बाई स्टीलच्या डब्यात गरम साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. ताईने हात जोडून नको म्हटलं. "अहो घ्या की, उपासाचीच आहे, शेंगदाणे-मिरची, दुसरं काही नाही," त्या म्हणाल्या. हे वेगळं उपोषण आहे, यात पाण्याशिवाय काही चालत नाही, हे समजावताना ताई हसली. त्या मांडवात ती तेवढी एकदाच हसली.

पहिले काही दिवस कोणी फिरकलं नाही. मग एका चॅनेलचा बातमीदार आला, चांगला हुशार पोरगा. त्याने विचारलं, "आजी, ती मुलगी इथे आणता येईल का? हाताला प्लास्टर आहे ना अजून?" ताई म्हणाली, "तिला इथे आणणार नाही. जिना तिथे आहे, त्याचं शूटिंग करा." पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, जिन्याचं व्हिज्युअल कोण बघतं?" आणि निघून गेला.

ताईची तब्येत उतरत चालली होती. ओठ सुकले होते, उठताना तिला धरावं लागायचं. डॉक्टर येऊन रक्तदाब बघायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. मी म्हणालो, "ताई, पुरे." ती म्हणाली, "कार्यालयाच्या साहेबांनी एकदा बाहेर येऊन हो म्हणावं, लगेच रस पिते." साहेब मात्र मागच्या दाराने जात होते.

आणि एका सकाळी तोच बातमीदार धावत आला. मालिकेत सोशिक सूनबाईचं काम करणारी एक नटी साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला पुण्यात आली होती आणि ती ताईला भेटायला येणार होती. अर्ध्या तासात फुटपाथवर पाय ठेवायला जागा उरली नाही. इतके दिवस ज्यांनी मांडवाकडे वळून पाहिलं नव्हतं ती माणसं गाड्यांच्या सीटवर चढून उभी राहिली. कार्यालयाच्या खिडक्यांत कारकून दाटले. नटी आली, ताईच्या पाया पडली आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसली. मुलगी वाईट नव्हती. ताईचा हात हातात घेतल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते मी जवळून पाहिलं आणि ते खोटं नव्हतं.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. पुढच्या दाराने. हात जोडून, हसत, नटीच्या शेजारी येऊन उभे राहिले. बातमीदाराने कुठून तरी मोसंबीच्या रसाचा ग्लास पैदा केला होता. नटीने तो ताईच्या ओठांशी धरला. "आई, माझ्यासाठी. मी शब्द देते." ताईने मान वर करून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. तिला वाटलं, झालं. इतके दिवस ज्या होकाराची वाट पाहिली तो आला. तिने रस घेतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग साहेबांनी खिशातून फोन काढला आणि नटीला म्हणाले, "मॅडम, एक सेल्फी. मिसेस तुमची मालिका चुकवत नाही."

त्या संध्याकाळी पडद्यावर पट्टी फिरत होती: शिक्षिकेच्या लढ्याला यश. रात्रीच्या चर्चेत चार जण भांडत होते ते नटीचे अश्रू खरे की प्रसिद्धीसाठी यावर. कोणीतरी तिच्या साडीची किंमत काढली. जिना हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही. मला इतका संताप आला की मी रिमोट भिंतीवर आपटला. बायको म्हणाली, "आता सेल कोण शोधणार?" हे मी हसण्यासाठी सांगत नाही. त्या वेळी मला रडू येत होतं.

आठवडाभर काहीच हललं नाही, तेव्हा मी साहेबांना भेटायला गेलो. तासभर बाहेर बसवल्यावर आत बोलावलं. "इंजिनिअर कधी पाठवताय?" मी विचारलं. त्यांनी चहा मागवला. "अहो, उपोषण तर सुटलं ना?" ते म्हणाले. "मागणी मान्य झाल्याशिवाय कोणी उपोषण सोडतं का? आख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं." मी म्हणालो, "तुम्ही मान डोलावलीत." ते म्हणाले, "मी त्यांना नमस्कार केला. वडीलधाऱ्या आहेत." आपल्याकडे एखाद्याला मारायचं असलं तरी आधी वडीलधारं म्हणतात.

बातमीदाराला फोन केला. तो खरंच कळवळून बोलला. "काका, स्टोरी क्लोज झाली. आजी परत बसल्या तरी सेकंड टाइम डेस्कवर घेत नाहीत. त्यांचं उपोषण तुटलं असं नाही, सुटलंय. लोकांना हॅपी एंडिंग मिळालंय." नटीच्या मॅनेजरने फोन उचलला आणि मॅडम शूटिंगमध्ये आहेत म्हणून सांगितलं. ताई पुन्हा बसायला तयार होती. डॉक्टरांनी तिला तिच्या किडनीचे रिपोर्ट दाखवले आणि माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं, "आता बसलात तर मी येणार नाही. यायची गरजच पडणार नाही."

सुट्टी संपत आली तशी शाळेला रंग लागला. जिन्याखालच्या सळया सिमेंट थापून झाकल्या आणि त्यावर पिवळा रंग दिला. छान दिसत होता.

शाळा उघडली त्या सकाळी ताई फाटकाशी जाऊन उभी राहिली. मी तिचा दंड धरून होतो. येणाऱ्या प्रत्येक आईबापाला ती सांगत होती, इमारत तपासलेली नाही, मुलांना आत पाठवू नका. लोक ऐकून घेत, घड्याळ बघत, पुढे जात. कामावर जायचं असलेला माणूस पोराला घेऊन कुठे जाणार? एक तरुण बाई मात्र थांबली. तिने ताईला ओळखलं होतं.

"बाई, तुम्हीच ना? टीव्हीवर पाहिलं आम्ही." तिचे डोळे भरून आले होते. "मी नाव काढूनच टाकणार होते मुलाचं. खाजगी शाळा परवडत नाही, पण भीती वाटत होती. तुम्ही उपोषण सोडलंत, तेव्हा म्हटलं, चला, आता जिना पक्का झाला. बाईंनी उगाच नसतं सोडलं."

ताई म्हणाली, "अगं, तसं नाही. ऐक माझं."

"तुमचे उपकार आहेत," ती म्हणाली, आणि घंटा झाली म्हणून तिने मुलाला पुढे ढकललं. तो पिवळ्या जिन्यावरून धावत वर गेला.

अजून काही झालेलं नाही. होऊ नये. मी आठवड्यातून तीनदा बिबवेवाडीला ताईकडे जातो, मंडईतून भाजी नेतो, आणि तिची सून दर वेळी तेच सांगते: आईंनी सकाळपासून काही खाल्लं नाही. शाळा सुटायची वेळ होते, ताई गॅलरीत जाते, मुलं रस्त्यावर दिसली की आत येते आणि मग पानावर बसते.